बिनआवाजाची गाडी

धुकं पडायला लागलं त्याच सुमाराला फाट्यावर पोलिसांचं नाकं बसलं. नंबर नसलेल्या बॅटरीच्या गाड्या धरायच्या, टेम्पोत घालायच्या आणि चालवणाऱ्यावर खटला भरायचा, असा वरून हुकूम होता. ही बातमी वस्तीत पोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या गाडीचं तोंड पाटाच्या रस्त्याकडे वळलं.

पाटाचा रस्ता नावालाच रस्ता होता. कालव्याच्या भरावावरची मातीची पट्टी ती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पाणकणसांचं उंच रान आणि त्याच्या खाली शेतं. आजवर तिथून पायी माणसं जायची, गवताचे भारे जायचे, गुरं जायची. समोरून कोण येतंय ते आधी कानाला कळायचं, मग डोळ्याला. आता तिथून गाड्या यायला लागल्या. इंजिन नाही, धूर नाही, फटफट नाही. अंगाजवळून वारं गेल्यासारखं व्हायचं, आणि वळून बघावं तर नुसतं धुकं.

त्यातल्या निम्म्या गाड्या तरी फिटरच्या हातून गेलेल्या होत्या.

फिटरची वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड होती. कागदावर या गाड्या म्हणजे सायकलीच. पायडल मारायचं, दमलं की बॅटरीने हात द्यायचा, आणि बेताच्या वेगापुढे जाऊ नये म्हणून कंपनीनेच आत लॉक घातलेलं. फिटर ते लॉक तोडायचा. सीटखालची पेटी उघडायची, एक वायर कापायची, दुसरी जोडायची, वाटलं तर मागच्या चाकाला दांडगी मोटर बसवायची. मग ती गाडी दावं तोडलेल्या खोंडासारखी पळायची. हळू चालताना कुंई कुंई करणारा एक भोंगा असायचा, तोही लोक काढायला लावायचे. कानाशी किटकिट नको म्हणायचे. घरच्या गाडीचा भोंगा त्याने कोणी न सांगताच काढला होता.

घरची गाडी बायकोची. पूल खचल्यापासून डेअरीचा टेम्पो वस्तीवर येईनासा झाला, तेव्हा वस्तीचं दूध डेअरीवर पोचवायचं काम तिने अंगावर घेतलं. डेअरीवरचा टँकर कोणाच्या बापासाठी थांबत नाही. उशीर झाला की कॅन परत, आणि परत आलेल्या दुधाचं तोंड घरोघरी जाऊन दाखवायचं. म्हणून फिटरने गाडी पळती करून दिली.

टेम्पो सुरू व्हायच्या आधी हे काम सासू करायची. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, अशी तिची हयात पाटावरून चालण्यात गेलेली. गाडी आली तेव्हा फिटर म्हणाला, "आई, आता बसून खा."

"बसून खायला मी काय पाहुणी आहे?" म्हातारी म्हणाली.

धुकं पडल्यावर त्याने आणखी एक हुकूम काढला. "पाटाकडे फिरकायचं नाही. तुला दिसत नाही, त्यांना दिसत नाही. कोणीतरी उडवेल."

"उडवायला मी काय चिमणी आहे?"

सून चुलीपाशी हसली. म्हातारी हसली नाही. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकायला लागला होता, आणि हाताला काम नसलं की ती दिवसभर पदराचं टोक पिळत बसायची.

त्या सकाळी धुकं फारच दाट होतं. सुनेला हँडल धरलेले आपले हात दिसत होते, पुढचं चाक दिसत नव्हतं. निघायला उशीर झाला होता, कारण शेजारच्या म्हशीने पान्हा चोरला होता आणि शेजारीण तिची मनधरणी करत बसली होती. भरलेले कॅन एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबलेले. चाकाखालची ओली माती तेवढी चरचरत होती. सुनेने मूठ पिळून धरली होती.

धप्प झालं.

आवाज मोठा नव्हता. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. हँडल तिच्या हातात गर्रकन फिरलं, गाडी आडवी झाली आणि तिला घेऊन घसरत गेली. एक कॅन सुटला, झाकण उडालं. ती उठली तेव्हा गुडघा सोलला होता आणि दूध रस्त्यावर पसरत चाललं होतं. दूध पांढरं, धुकंही पांढरं. कुठे काय संपतंय ते कळेना.

ती लंगडत मागे गेली. "कोण आहे?"

तिचा आवाज तोंडापुढेच पडल्यासारखा झाला.

"कोण आहे? लागलं का?"

उजव्या बाजूची पाणकणसं हलली. वारा नव्हता. मग ती हलायची थांबली, आणि सगळं इतकं गप्प झालं की पाटाच्या पाण्याचा कडेला लागणारा लपलप आवाजही तिला मोठा वाटला. तिने श्वास धरला. तिची खात्री झाली की रानातही कोणीतरी तसाच श्वास धरलाय. हाताच्या अंतरावर असेल, किंवा त्याहूनही जवळ. माणूस असतं तर कण्हलं असतं, शिव्या दिल्या असत्या. जनावर असतं तर पळालं असतं.

 तिने गाडी उभी केली, उरलेले कॅन चाचपले आणि निघाली. डेअरीवर सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." माप घेणारा म्हणाला, "कुत्रीसुद्धा घाबरतात हो तुमच्या गाड्यांना." बाकीचे हसले. तीही हसली.

घरी आली तेव्हा ऊन पडलं होतं. म्हातारी गोधडी डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"काय झालं, आई?"

"थंडी भरलीय."

"चहा देऊ?"

"नको. हात नको लावू."

संध्याकाळी फिटरने गाडी बघितली. पुढचा दिवा फुटला होता, हँडल वाकलं होतं. बायकोने घडलेलं सांगितलं. तो पान्याने नट आवळत ऐकत राहिला.

"कुत्रंच असेल."

"कुत्रं एवढं उंच नसतं. हँडलला लागलंय."

"मग कोण हरवलंय का? वस्तीत कोणी पडलंय, लागलंय? नाही ना? मग झालं तर."

"म्हणजे ते काय होतं?"

फिटरने हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं. "तू थांबलीस ना? हाक मारलीस ना? याच्यापुढे माणसाने काय करायचं? आणि हे बघ, बाहेर बोलू नकोस. नाक्यावर कळलं तर गाडी जाईल, आणि गाडीमागोमाग मी जाईन."

ती बाहेर बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी, शेतांना पाणी सोडायचं पाटाचं दार आहे तिथे, पाटकऱ्याने तिला थांबवलं. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा माणूस. त्याची खोपी त्या जागेपासून जवळच होती.

"काल इथं काय झालं, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "हे बघ. दाराच्या पायरीवर."

काळ्या दगडाच्या पायरीवर पावलाचा ठसा होता. अनवाणी, लहानसा, पांढरा. एक पायरीवर, एक त्याच्या पुढच्या दगडावर, आणि पुढे नांगरलेलं रान. तिथे काहीच नव्हतं.

"आली आणि विरली," पाटकरी म्हणाला. "पाण्याने धुतलं तरी जात नाही. तेलकट आहे."

सून त्या ठशाकडे बघत राहिली. ते दूध आहे हे तिला कळत होतं. पण पाय कोणाचा? तिचे स्वतःचे पाय चपलेत होते.

पाटकऱ्याच्या पोटात गोष्ट राहणारी नव्हती. चार दिवसांत ती सगळ्या वस्त्यांवर फिरली. पाटाच्या दारापाशी एक बाई आहे. पांढऱ्या पायांची. गाडीपुढे येते, धडक बसते, उतरून बघावं तर नसते. मग कोणीतरी सांगितलं की आपण ती पाहिली. मग दुसऱ्याने सांगितलं की तिने आपल्या मागच्या सीटला हात घातला. लोक पाटाच्या रस्त्याने जायचे थांबले नाहीत, कारण फाट्यावर नाकं होतं आणि नाक्यावरचा हवालदार त्या बाईपेक्षा खरा होता. फक्त दारापाशी आले की ते मूठ पूर्ण पिळायचे. आजवर जिथे गाड्या नुसत्या पळत होत्या तिथे आता भीतीने उडायला लागल्या.

सून मात्र तिथे आली की उतरायची आणि गाडी ढकलत न्यायची. एकदा ती अशीच चालली होती, मागून काही कळायच्या आत तिच्या कोपराला काहीतरी सटकन चाटून गेलं. दोन माणसं बसलेली गाडी. त्यांचे घट्ट मिटलेले जबडे तिला निमिषभर दिसले आणि धुकं पुन्हा मिटलं. कोपर सोलून निघालं होतं. ती भरावाच्या कडेला तशीच उभी राहिली.  मागून काहीच येत नव्हतं आणि आपल्याला ते कळणारही नव्हतं. पायी माणसाला हे असं होतं तर, असं तिच्या मनात आलं. बसलेल्याला यातलं काही ठाऊक नसतं.

म्हातारी उठली नव्हती. खाणं चिमणीएवढं, बोलणं त्याहून कमी. श्वास घेताना अर्ध्यावर थांबायची, जणू पुढचा घ्यावा की नाही विचार करतेय. सुनेने अंग चेपायला हात पुढे केला की गोधडी गळ्याशी घट्ट धरायची. फिटर येता-जाता विचारायचा, "कसं आहे?" आणि उत्तराआधी बाहेर पडायचा. वासराला मात्र गवत मिळेना. सून फिटरला म्हणाली, "तुम्ही गवत आणायचं का बंद केलंत?"

"मी कधी आणलं?" फिटर म्हणाला. "तूच आणतेस ना?"

 मग गाईने हंबरडा फोडला आणि गोष्ट तिथेच राहिली.

त्या दुपारी सून म्हातारीच्या उशाशी लसूण सोलत बसली होती. धुकं उतरलं नव्हतं. दारातून ते उंबऱ्यापर्यंत आलेलं दिसत होतं. गप्प बसवेना म्हणून तिने वस्तीतली बातमी काढली. "लोक म्हणतात, पाटाच्या दाराशी कोणी बाई आहे म्हणे. गाड्यांना आडवी येते."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाई नाही."

"मग?"

"तिथं जे आहे ते आडवं येत नाही. मागून येतं." तिने अर्धा श्वास घेतला, थांबली, उरलेला घेतला. "त्याला पाय नाहीत. आवाज नाही. अंगावर येतं तेव्हासुद्धा आवाज नाही. एकदम सगळीकडे दुधाचा वास येतो. ताज्या, धारोष्ण दुधाचा. वाटतं, आपलं घरच आलं."

सुनेच्या हातातली पाकळी खाली पडली.

"आणि मग ते हाक मारतं," म्हातारी म्हणाली. "आपल्या माणसाच्या आवाजात. कोण आहे, विचारतं. लागलं का, विचारतं. तेव्हा ओ द्यायची नसते. माझी आई सांगायची, धुक्यातल्या हाकेला ओ दिली की ते घरापर्यंत मागे येतं. मी तोंडात पदर कोंबला. हूं की चूं केलं नाही. ते उभं होतं, माझ्या अगदी जवळ. श्वास धरून उभं होतं. मग गेलं."

दारातलं धुकं हललं नाही. सून उठली. तिने काही न विचारता गोधडी बाजूला केली, चोळी वर सरकवली. म्हातारीने तिचे हात धरायचा प्रयत्न केला, पण हातात बळ नव्हतं. कुशीपासून पाठीपर्यंत काळंनिळं झालं होतं, कडेला पिवळं. मध्ये हँडलच्या मुठीचा गोल उठला होता, साच्यातून काढल्यासारखा. श्वास घेतला की एका जागी कातडी आत जायची.

"तुम्ही पाटावर गेला होता."

"गवताला. रोज जात होते. तू यायच्या आत परत यायची. माणसाने काहीतरी करावं की नाही?"

"आई," सून म्हणाली.  "ती मी होते. माझी गाडी होती. हाक मी मारली होती."

म्हातारीने मान वळवली. पिकलेला डोळा आणि पिकत आलेला डोळा, दोन्ही तिच्या तोंडावर फिरले, अनोळखी बाजारात वस्तू निरखावी तसे.

"नाही," ती म्हणाली. "तू असतीस तर मी ओळखलं असतं."

"मीच होते."

"माझी सून डेअरीवर गेली होती." आणि मग अगदी हळू आवाजात, भिंतीला सरकत, "तू कोण आहेस?"

सून मागे सरली.  या घरात आल्यापासून म्हातारीने तिला कोण म्हणून विचारलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

फिटर आला तेव्हा म्हातारीला ताप चढला होता. बायकोने त्याला गोधडी उचलून दाखवलं. तो खाली बसला. बराच वेळ त्याने ग्रीस लागलेल्या हातांनी कपाळ धरून ठेवलं.

"दवाखान्यात न्यायला पाहिजे," ती म्हणाली.

"शेकून बघू. हळद—"

"बरगडी आत गेलीय. हळद काय बरगडी बाहेर ओढते?"

"दवाखान्यात विचारतील कशाने झालं. पडली म्हणून सांगू?"

"तिथं मुठीचा शिक्का आहे."

"अगं, मग केस होईल. तुझ्यावर होईल. लॉक कोणी तोडलं म्हणतील. माझ्याकडे येतील. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या गाड्यांकडे जातील. वस्ती आपल्याला सोडेल का? आपण खायचं काय?" तो बोलत होता आणि आईकडे बघत नव्हता. "उद्यापर्यंत बघू. उतरेल ताप."

"तुमची आई आहे ना ती?"

फिटर उठून बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला, जणू ती गाडी काही सांगेल.

सकाळी ताप उतरला नव्हता. सुनेने दुधाचे कॅन अंगणात तसेच ठेवले आणि शेजारणीला सांगितलं, आज दूध जाणार नाही. शेजारीण म्हणाली, "आणि आमच्या म्हशीने काय करायचं?" सून म्हणाली, "तिला विचार. पान्हा चोरायला सांग." मागच्या रॅकवर तिने पोती दुमडून घातली, म्हातारीला आणून बसवलं आणि लुगड्याने आपल्या पाठीला बांधलं. म्हातारी तिच्या खांद्यावर डोकं टाकून काहीतरी पुटपुटत होती. फिटर ओसरीवर उभा होता.

"पाटाने जा," तो म्हणाला. "निदान पाटाने जा."

"पाटाने दणके बसतात. तिला सोसणार नाहीत."

तिने गाडी डांबरी रस्त्याला लावली. चालण्याच्या वेगाने नेली. तिला ठाऊक होतं, डांबरी रस्ता म्हणजे नाकं. धुक्यातून पिवळे अडथळे दिसायला लागले, मग हवालदाराचं चमकणारं जाकीट, मग त्याचा आडवा हात. तिने ब्रेक दाबला. म्हातारी कण्हली.

"नंबर कुठाय?" हवालदार म्हणाला. मग त्याला मागचं ओझं दिसलं. "यांना काय झालं?"

"माझ्या गाडीची धडक बसली. पाटाच्या रस्त्यावर. आठवडा होत आला."

"तुमच्या गाडीची? या गाडीची?"

"हो. वेगात होते. हिचं लॉक तोडलेलं आहे. भोंगा नाही." तिने लुगड्याची गाठ चाचपली. "साहेब, काय लिहायचं ते लिहा. आधी हिला दवाखान्यात घाला."

नाक्यावर अडकलेले गाडीवाले बघत होते. त्यातले दोन-तीन वस्तीचे होते. एकजण मोठ्याने म्हणाला, "सासूलाच उडवली आणि सांगतेय बघा कशी." हवालदाराने त्याच्याकडे बघितलं, तसा तो आपल्या गाडीच्या टायरकडे बघायला लागला. हवालदाराने जीपला हाक मारली, स्वतः गाठ सोडली, म्हातारीला काखेत हात घालून मागच्या सीटवर निजवलं. मग वही उघडली.

"लॉक कोणी तोडलं?"

सून जीपकडे बघायला लागली. 

"बाई, हे सांगावं लागेल."

"मी," मागून आवाज आला. फिटर होता. घरापासून धावत आलेला, पायात चप्पल नाही, छातीचा भाता झालेला. "मी तोडलं. तिला काय विचारता? तिला पान्याचं तोंड कोणतं ते ठाऊक नाही."

नाक्यावरचे वस्तीचे गाडीवाले आता कोणाकडेच बघत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन बरगड्या मोडल्याचं सांगितलं. एकीचं टोक फुप्फुसाला टेकलं होतं. आणखी उशीर झाला असता तर, त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. म्हातारीच्या कुशीत नळी घातली. सून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत गेली की म्हातारी डोळे मिटायची. नर्सने पाणी दिलं तर प्यायची, सुनेच्या हातचं पाणी ओठ घट्ट मिटून परत करायची. एकदा नर्सला म्हणाली, "ती बाहेर बसलीय ना, तिला आत नका येऊ देऊ. ती आमच्या घरची नाही." नर्सला वाटलं सासवा-सुनांचं नेहमीचंच. सुनेने ते ऐकलं. बाकावर बसून ती आपले हात उलटेपालटे करून बघत राहिली, खरंच आपलेच आहेत का म्हणून.

ताप उतरल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. खुर्ची ओढून खाटेजवळ बसला. डॉक्टरीणबाई आणि नर्स खाटेच्या पायांशी होत्या, सून दारात उभी राहिली.

"आजी, धडक कोणी दिली?"

"मी पाहिलं नाही."

"सून म्हणते तिने दिली."

"ती म्हणते." म्हातारी छताकडे बघत होती. "मला दिसत नाही, साहेब. मी ऐकलं तेवढं ठाऊक."

"काय ऐकलं?"

 वॉर्डात कोणाचीतरी खाट करकरली. "तिला बाहेर पाठवा," म्हातारी म्हणाली. "लांब. दार लावून घ्या. आणि तिला म्हणावं, तेव्हा मारली होती तशी हाक मार."

हवालदाराने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे. नर्सने दार लावलं.

सून व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथे कठड्यापाशी धुकं होतं. बाकांवर माणसं बसलेली, कोणी हाताला पट्टी, कोणी पायाला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर.  मग ती दाराकडे पाठ करून धुक्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांपुढे ती जागा उभी राहिली, पसरत जाणारं दूध, हलून थांबलेली पाणकणसं.

"कोण आहे?"

बाकांवरची माणसं चपापली. एका बाईने आपलं पोर जवळ ओढलं.

"कोण आहे? लागलं का?"

दार बंदच होतं. आतून काही आलं नाही. ती उभी राहिली.  तिने आता श्वास धरला नाही, मोठ्याने घेत राहिली, आतपर्यंत ऐकू जावा म्हणून.

मग आतून आवाज आला. बारीक, चिरका, बरगड्यांतून वाट काढत आलेला.

"मी आहे. मी आहे गं. इथं पडलेय."

सून धावली. दाराची कडी तिला सापडेना. दार उघडलं तेव्हा म्हातारी नळी घातलेली कूस सावरत अर्धी उठली होती, आणि हवालदार वही मांडीवर पालथी घालून खिडकीबाहेर बघत होता.

"केवढ्याने आपटलंस गं तू मला," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. सूनही रडायला लागली. नर्स दोघींवर ओरडली, नळी निघेल म्हणून.

जबाब लिहिला गेला. खटला उभा राहिला. कोर्टात म्हातारीने माफी दिल्याचं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, आजी, तुमची माफी घरात चालेल, रस्त्यावर नाही. सुनेला दंड झाला आणि कोणतीही गाडी चालवायला मनाई झाली. घरची गाडी इतर पकडलेल्या गाड्यांबरोबर यंत्राखाली घालून चेपली. फिटरला काही दिवस आत बसावं लागलं. शेडला सील लागलं.

सुटून आल्यावर तो दारोदार फिरला. "लॉक परत लावून देतो," म्हणायचा. "भोंगा बसवून देतो. फुकट." लोक त्याला ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विषय बदलायचे. काहींनी पाणीही दिलं नाही. ज्याने सुनेला नाक्यावर टोमणा मारला होता तो म्हणाला, "तुझं घर बुडालं म्हणून आम्ही चालत जायचं काय?" जितकी दारं त्याने झिजवली त्यातल्या एकानेही गाडी उघडू दिली नाही.

म्हातारी वाचली. श्वास आखूड झाला तेवढा. फिटर शेतावर मजुरीला जायला लागला. सकाळी मात्र तो बायकोबरोबर डेअरीपर्यंत जायचा. उसन्या आणलेल्या साध्या सायकलीला कॅन बांधायचे, तिने हँडल धरायचं, त्याने मागून ढकलायचं.

अशाच एका सकाळी दोघं पाटाच्या रस्त्याने चालले होते. धुकं होतं. फिटर काहीतरी सांगत होता, म्हशीबद्दल असावं. सांगता सांगता तो थांबला आणि त्याने बायकोचा दंड धरून तिला कडेला ओढली. तिला काही ऐकू आलं नव्हतं. त्यालाही आलं नसणार. सायकल पाणकणसांत कलली, कॅन करकरले, आणि त्यांच्या पुढून काहीतरी गेलं. धुकं फाटलं, मिटलं. मातीचा बारीक शिडकावा दोघांच्या पायांवर उडाला.

"हळू जा रे!" फिटर ओरडला. "हळू!"



 बायकोने सायकल सरळ केली.

"कोण होतं?"

"दिसलं नाही," फिटर म्हणाला. मग खाली वाकून त्याने सायकलला खांदा लावला. "पण माझ्या हातची होती."